आजीचा खर्च, बाबांचा हिशेब

(या भागाचं शब्दांकन)

आज गणपतीपुळ्यातल्या आमच्या घराच्या पडवीतून बोलतोय. विषयही इथेच सुचला: वयानुसार घरखर्च कसा बदलतो?

झालं असं, की बाबा निवृत्तीनंतरचा हिशेब मांडत होते. म्हणाले, "आजीला काय लागतं? औषधं सोडली तर काहीच नाही. आम्हालाही तेवढंच पुरेल." ऐकायला बरोबर वाटतं ना? पण गफलत इथेच आहे.

खर्च तीन कारणांनी बदलतो. पहिलं, वय: मुलांच्या फिया संपतात, औषधपाणी वाढतं. दुसरं, पिढी: आजी शेतातला तांदूळ आणि परसातले नारळ यांवर वाढली. नवी साडी म्हटलं की आजही नको म्हणते. हे तिच्या वयामुळे नाही, ती तरुणपणीही अशीच होती. तिसरं, काळ: मोबाइलचं रिचार्ज आता सगळ्यांनाच लागतं.

काळाचा परिणाम सरकारी पाहणीत स्पष्ट दिसतो. ग्रामीण भारतात १९९९-२००० मध्ये १०० रुपयांच्या घरखर्चातले सुमारे ५९ रुपये खाण्यावर जायचे. २०११-१२ मध्ये ५३, तर २०२३-२४ मध्ये ४७. बाकीच्या खर्चांचा वाटा तेवढा वाढला.

मग वयाचा परिणाम का दिसत नाही? कारण पाहणी खर्च कुटुंबाचा नोंदवते, माणसाचा नाही. आजीची गोळी, बाबांचं पेट्रोल, माझं इंटरनेट, सगळं एकाच बेरजेत; मग भागिले माणसं. शिवाय एकाच वर्षी आजीची आणि बाबांची तुलना केली, तर फरक वयाचा की पिढीचा, कळणार कसं? त्यासाठी एकाच पिढीचा माग काढावा लागतो: २०११-१२ मध्ये चाळिशीत असलेल्यांची कुटुंबं घ्यायची आणि २०२३-२४ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांची.

आणखी एक. आजीच्या भाताची किंमत बाबांच्या वहीत शून्य होती, कारण तांदूळ घरचा. पाहणीत मात्र घरच्या धान्यालाही किंमत लावतात. उद्या आमचं शेत करायला कोणी उरलं नाही, तर तोच भात विकत घ्यावा लागेल.

बाबांनी वही पुन्हा उघडली. या वेळी सुरुवात स्वतःच्या आजच्या खर्चापासून केली. त्यातून फिया वजा केल्या, औषधं मिळवली आणि तांदूळही लिहिला. आकडा बराच मोठा आला, पण निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. आत्ता कळलं ते बरं झालं.

तुमच्या घरच्या वहीत काय दिसतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!