करंगळीला कामाला लावा!

शाळेत करंगळी वर केली की बाईंना कळायचं, आपल्याला कशासाठी बाहेर जायचंय ते. त्यानंतर करंगळी आठवते ती थेट गोवर्धन पर्वताखाली. एरवी या बोटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग एक दिवस आपण गिटार हातात घेतो आणि लक्षात येतं, की ही बया आपलं अजिबात ऐकत नाही!

सुरुवातीचे दोन-चार कॉर्ड कसेबसे बसतात. मग येतो बी सेव्हन, नाहीतर एफचा बार कॉर्ड. दोन्हीत चारही बोटं लागतात. करंगळी एक तर हवेत ताठ उभी राहते, नाहीतर शेजारच्या तारेवर जाऊन पडते. दोन-तीन आठवडे झटापट होते आणि आपण ठरवून टाकतो, ‘माझा हातच लहान आहे, हे आपलं काम नाही.’

सोनईसारख्या गावात असं ठरवणं आणखी सोपं जातं. क्लाससाठी नगर गाठायचं तर येण्याजाण्यातच संध्याकाळ संपते. मग गुरू कोण? मोबाईलवरचे व्हिडिओ. पण व्हिडिओतल्या माणसाला तुमचा हात दिसत नाही. अंगठा चुकीच्या जागी आहे, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. आणि घरी हट्ट करून घेतलेली गिटार कपाटावर जाऊन बसते. म्हणून करंगळीला दोष देण्याआधी तिला जरा समजून घ्या.

आधी हा प्रयोग करा

तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट तळव्याखाली दुमडा, बाकीची बोटं टेकलेली राहू द्या. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलला जातो, तर्जनी उचलली जाते, करंगळीही उचलली जाते. अनामिका मात्र जागची हलत नाही!

बोटं सरळ करणारा एक सामाईक स्नायू कोपराखालच्या हातात असतो. त्याच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात. मधलं बोट दुमडलं की अनामिका अडकते. तर्जनीला आणि करंगळीला मात्र सरळ होण्यासाठी स्वतःचा वेगळा स्नायूही आहे. शिवाय तळहाताच्या कडेचा मऊ, मांसल भाग आहे ना, ते करंगळीचेच स्नायू. वाकताना ती बऱ्याच जणांच्या हातात अनामिकेच्या मागे मागे जाते, हे खरं. पण ती कमजोर नाही. तिला एकटीनं, नेमक्या जागी वाकायची सवय नाही, एवढंच.

गोठ्यात मुठीनं धार काढणाऱ्याचा हात बघा. अंगठा आणि तर्जनी सड वरून बंद करतात, मग मधलं बोट, मग अनामिका, शेवटी करंगळी. बोटं एकामागून एक, ठरल्या क्रमानं दाबली जातात. गिटारच्या पहिल्या धड्यातही हाच क्रम असतो. फक्त तिथं जोर कमी आणि नेम जास्त लागतो.

तिच्याशिवाय चालत नाही का?

चालतं की. सतारीवर डाव्या हाताची मुख्यतः तर्जनी आणि मधलं बोटच फिरतं. जँगो रेनार्टचं नाव ऐकलंय? 1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली. पुढं मुख्यतः दोन बोटांवर सोलो वाजवत तो जॅझचा मोठा गिटारवादक झाला. पण त्याचा नाइलाज होता, आपला नाही. उलट, आपल्याकडं पन्नालाल घोष यांनी बासरीला सातवं छिद्र दिलं, ते वाजवायला करंगळीच कामाला लावली.

सुरुवात पाचव्या फ्रेटपासून

बरेच जण व्यायाम पहिल्या फ्रेटवर सुरू करतात आणि तिथंच वैतागतात. साधं गणित बघा. नेहमीच्या गिटारवर तारेची वाजणारी लांबी साधारण 65 सेंटिमीटर असते. पहिले चार फ्रेट मिळून सुमारे 13.4 सेंटिमीटर जागा घेतात, तर पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे चार फक्त 10.6. म्हणजे जवळपास तीन सेंटिमीटरचा ताण कमी! हात लहान असेल तर इथूनच सुरू करा.

– अंगठा मानेच्या मागं, साधारण मधल्या बोटासमोर ठेवा. तो वरून डोकावला की करंगळीची पोच कमी होते.

– पाच, सहा, सात, आठ हे फ्रेट चार बोटांनी क्रमानं वाजवा. पुढचं बोट पडलं तरी आधीचं उचलू नका. मेट्रोनोम 60 वर ठेवा, एका ठोक्याला एकच स्वर.

– करंगळी गोल ठेवा, टोकानं दाबा, फ्रेटच्या तारेला अगदी लागून. तिथं कमी जोरात स्वच्छ स्वर येतो.

– मग अनामिका सातव्यावर धरून करंगळीनं आठवा फ्रेट दाबा-सोडा. सोडताना बोट तारेच्या जवळच राहिलं पाहिजे.

– जमू लागलं की एकेक फ्रेट मागं सरका. डी कॉर्ड धरून पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी ठेवा आणि उचला. व्यायामाचं लगेच गाणं होतं.

दिवसाला दहा मिनिटं पुरेत. रविवारी दोन तास घासण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं भारी. बोटांची टोकं हुळहुळणं नॉर्मल आहे. पण मनगट दुखलं किंवा करंगळीला मुंग्या आल्या तर लगेच थांबा. त्रास राहिलाच तर डॉक्टरांना दाखवा, जिद्दीनं दामटू नका.

आणि तुमचा हात बघणारं कुणी नाही ना? मग मोबाईल समोर उभा करा आणि आठवड्यातून एकदा डाव्या हाताचा व्हिडिओ काढा. अंगठा कुठं जातो, करंगळी कधी ताठते, सगळं दिसेल. मागच्या आठवड्याचा व्हिडिओ शेजारी लावून बघा. करंगळी ऐकायला लागली की नाही, हे तुम्हालाच कळेल.