मोताळा बसस्थानक : प्रवासी सुविधांच्या मूल्यमापनाचे निकष

मोताळा हे बुलढाणा–मलकापूर मार्गावरील तालुक्याचे ठिकाण होय. येथे रेल्वे नाही. रेल्वेसाठी मलकापूर आणि जिल्हा कचेऱ्यांसाठी राजूर घाट चढून बुलढाणा गाठावे लागते. साहजिकच तालुक्यातील विद्यार्थी, रुग्ण व शेतकरी यांची भिस्त प्रामुख्याने एस.टी.वर आहे.

बसस्थानकाचे मूल्यमापन करताना फलाट, आसने, पिण्याचे पाणी व प्रसाधनगृहे यांची मोजदाद केली जाते. ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. मोताळा येथे आगार नसल्यामुळे बसगाड्या अन्य आगारांतून येतात. तेथे झालेला विलंब आणि आधीच भरलेली आसने येथील प्रवाशाच्या वाट्यास येतात. म्हणून नियोजित व प्रत्यक्ष आगमनवेळेतील तफावत आणि जागेअभावी मागे राहिलेल्या प्रवाशांची संख्या, हे दोन निकष प्रथम विचारात घ्यावयास हवेत.

प्रवास सवलतींमुळे या निकषांचे महत्त्व वाढले आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. ग्रामीण विद्यार्थिनींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. तथापि, सवलतीने भाडे कमी होते, प्रतीक्षा कमी होत नाही. सकाळची फेरी चुकल्यास तासिका बुडते. सायंकाळची वारंवार चुकू लागल्यास मुलीचे शिक्षणच थांबविण्याचा विचार घरात सुरू होतो.

महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, आठवडी बाजाराच्या दिवसासह, सलग सात दिवस अशा नोंदी घेतल्यास फेऱ्यांच्या फेरनियोजनास ठोस आधार मिळू शकेल.