‘रक्तातच आहे’ म्हणजे नक्की काय?

आजचा एपिसोड ज्यांना ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं’ काढलेत.

विषय घरचाच आहे. माझे आजोबा प्यायचे. मोठे काकाही प्यायचे. बाबा मात्र कधी दारूला शिवले नाहीत. आता काकांचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मित्रांबरोबर दर शनिवारी ‘बसतो’. हल्ली त्याचा शनिवार बुधवारीच उजाडतो. दिवाळीत त्याला गच्चीवर गाठलं, तर हसत म्हणाला, “दादा, आपल्या रक्तातच आहे हे. कशाला अडवतोस?”

मला उत्तर सुचलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसलो. आजचा एपिसोड म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर.

आधी त्याचं जे बरोबर आहे ते मान्य करू. जुळ्या भावंडांचे खूप अभ्यास झालेत. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात, तर वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्ये सख्ख्या भावंडांइतकंच साम्य असतं. दारूच्या व्यसनात हुबेहूब जुळी एकमेकांशी जास्त जुळतात. असे बरेच अभ्यास एकत्र केले की अनुवंशाचा वाटा साधारण ५० टक्के निघतो. म्हणजे रक्तात काहीतरी आहे, हे खरंच. पण ‘दारूचं जनुक’ असं एकच काही नसतं. थोडा थोडा परिणाम करणारी पुष्कळ जनुकं असतात.

आता गोंधळ होतो तो त्या ५० टक्क्यांचा. ‘माझं निम्मं पिणं जनुकांमुळे’ असा त्याचा अर्थ नाही. भाकरी घ्या. एखादी भाकरी पिठामुळे किती टक्के झाली आणि आचेमुळे किती, हे सांगता येईल का? दोन्ही नसतील तर भाकरीच नाही. पण दहा घरांतल्या भाकऱ्या वेगवेगळ्या का झाल्या, हे विचारता येतं. सगळ्यांचं पीठ एकाच गिरणीतलं असेल, तर फरक हाताचा आणि आचेचा. हात आणि आच सारखी असेल, तर फरक पिठाचा. ५० टक्के हा आकडा असा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. भोवताल बदलला की तोही बदलतो.

हे नुसतं भाकरीचं उदाहरण नाही. फिनलंडमध्ये किशोरवयीन जुळ्यांचा अभ्यास झाला. शहरी भागातल्या मुलांच्या पिण्यातले फरक जनुकांवरून जास्त ठरत होते. ग्रामीण भागात जनुकांचा वाटा कमी आणि घर, गाव अशा सामायिक भोवतालाचा जास्त होता. जनुकाला डोकं वर काढायला जागा लागते, ती कुठे मिळते आणि कुठे नाही.

पण मला हलवलं ते जपानच्या उदाहरणाने. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग तो पदार्थ निकामी करतं. ही दुसरी पायरी पार पाडणारं एक विकर आहे. पूर्व आशियात बऱ्याच लोकांना त्या विकराच्या जनुकाची मंद प्रत मिळालेली असते. आपल्याकडे ती फारशी आढळत नाही. अशा माणसाने थोडी जरी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. म्हणजे जन्मजात ब्रेकच!

जपानमध्ये व्यसनी रुग्णांची तपासणी झाली. १९७९ मध्ये त्यांच्यापैकी जेमतेम २.५ टक्के लोकांकडे अशी एक मंद प्रत होती. १९८६ मध्ये ८ टक्के. १९९२ मध्ये १३ टक्के. आता बघा, तेरा वर्षांत देशाची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं. काम संपल्यावर साहेबांबरोबर, सहकाऱ्यांबरोबर प्यायला बसायचं, नाही म्हणायचं नाही, अशी रीत असेल, तर शरीर ‘नको’ म्हणत असतानाही माणूस पितो. उलट मंद प्रत दोन्हीकडून, आईकडून आणि वडिलांकडून, मिळालेला एकही माणूस त्या रुग्णांमध्ये नव्हता. तो ब्रेक इतका घट्ट की तिथे रीतही हरली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जनुकं आणि भोवताल दोन्हींची ताकद दिसते.

परत आमच्या घरी येऊ. बाबा विशीत नोकरीसाठी नाशिकला मावशीकडे राहायला गेले. घर माळकरी, दारू दारातसुद्धा यायची नाही. काका गावातच राहिले, आजोबांच्याच बैठकीत. दोन भावांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. दोघांना मिळालेली जनुकंही वेगळीच. पण ‘रक्तातच आहे’ हे वाक्य बाबांनाही तितकंच लागू होतं, हे मला पहिल्यांदा जाणवलं.

म्हणून माझ्या भावाला सांगणं एवढंच: रक्तात असेल, तर ते अडवण्याचं कारण आहे, सोडून देण्याचं नाही. ज्याच्या घरात मधुमेह आहे तो साखर जपून खातो, तसंच. आणि रोज भरपूर पिणाऱ्या कुणी हे ऐकून एका रात्रीत बंद करू नका. ते धोक्याचं ठरू शकतं, आधी डॉक्टरांना भेटा.

रेकॉर्डिंग त्याला पाठवलंय. खाली लिहिलं, ‘शनिवारी रात्री लवकर झोप, रविवारी सहाला टेकडीवर जाऊ. मी येतो घ्यायला.’ दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही. पण रविवारी मी त्याच्या दारात उभा असणार. त्याचा भोवताल म्हणजे शेवटी मीसुद्धा आहेच की.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.