जुन्या फोटोचा रंग : पक्का किती, कच्चा किती?

कापडाच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रंग पक्का आहे ना?" तीस वर्षे गादीवर बसून मी या प्रश्नाचे उत्तर देत आलो. गेल्या वर्षी हाच प्रश्न मी दुसऱ्याला विचारायला हवा होता. तो विचारला नाही. त्या चुकीची हकीकत व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

आमचे दादा मालेगावात हातमागावर लुगडी विणत. त्यांचा एकच फोटो शिल्लक आहे. १९३१ साली ते माल घेऊन मुंबईला गेले असता एका स्टुडिओत तो काढलेला. खुर्चीवर बसलेले दादा, अंगात शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी आणि मांडीवर स्वतः विणलेल्या लुगड्याची घडी. साल व गाव त्यांनीच फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने उर्दूत लिहून ठेवले आहे. तसबिरींबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. आमच्या घरी हा फोटो कधी भिंतीवर लागला नाही, कागदपत्रांच्या पेटीतच राहिला. पावसाळ्याच्या ओलीने त्यावर बुरशीचे ठिपके पडले, मधोमध भेग गेली, कडा पिवळ्या झाल्या.

मी तो एका फोटोवाल्याकडे दिला. आठशे रुपये घेऊन त्याने दोन तासांत रंगीत करून दिला. चेहरा गुळगुळीत, टोपी काळी, शेरवानी तपकिरी, लुगड्याचा काठ काळा. मी खूश होऊन फ्रेम केली आणि फुफीजानकडे घेऊन गेलो. दादांना पाहिलेले आमच्या घराण्यात आता त्यांच्याशिवाय कोणी नाही. त्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि विचारले, "हे कोण?"

मी म्हणालो, "फुफीजान, दादा."

"माझ्या अब्बांच्या तोंडावर देवीचे व्रण होते. ते कुठे गेले? आणि त्यांची टोपी लाल होती. मी लहानपणी तिच्या गोंड्याशी खेळले आहे."

मला उत्तर देता आले नाही.

चूक कोठे झाली?

घरी येऊन मूळ फोटो भिंगाखाली धरला. गालावर व्रण स्पष्ट होते. संगणकाने बुरशीचे ठिपके साफ करताना माणसाचे व्रणही डाग समजून पुसले होते. चेहरा स्वच्छ करणारी ही नवी साधने पुसट भागात आपल्या मनाने डोळे, ओठ, कातडी भरतात. चेहरा सुंदर होतो, पण तो दुसऱ्याचा होतो.

टोपीचे कारण वेगळे आहे. त्या काळी पुष्कळ स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या प्लेटा वापरीत. त्यांना लाल रंग दिसत नसे. म्हणूनच तर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काम करता येई. अशा प्लेटवर लाल वस्तू जवळजवळ काळी उमटे आणि फिकी निळी वस्तू पांढुरकी दिसे. म्हणजे लाल तुर्की टोपी फोटोत काळी दिसणारच. तिला काळी रंगविणारे यंत्र खोटे बोलले नाही. ते नुसता अंदाज करीत होते.

१९६० चा ‘मुगल-ए-आझम’ २००४ साली रंगीत होऊन पडद्यावर आला, तेव्हा हे काम मोठ्या यंत्रणेचे होते. आज ते मोबाइलवर मिनिटात होते. संगणकाला लाखो रंगीत फोटो दाखवून शिकविलेले असते की गवत हिरवे, आकाश निळे, कातडी गव्हाळ. जेथे त्याला खात्री नसते तेथे तो मधला, मळकट तपकिरी रंग देतो. आमच्या शेरवानीचा तपकिरी रंग असाच आलेला असावा. काळ्या-पांढऱ्या फोटोत छटा असते, रंग नसतो. जो रंग फोटोत नाहीच, तो यंत्र त्यातून काढणार कसा?

दुसऱ्यांदा काम

मोहल्ल्यातील एक तरुण हे काम हाताने, माऊसने करतो. त्याला अडीच हजार रुपये देऊन नव्याने काम दिले आणि दोन दिवस फुफीजानना त्याच्या शेजारी बसविले. भेग बुजवली, बुरशी काढली, व्रण तसेच ठेवले. टोपी लाल झाली, गोंडा काळा राहिला. शेरवानीचा प्रश्न आला तेव्हा फुफीजान म्हणाल्या, "अब्बांकडे शेरवानी कधी नव्हती. ती स्टुडिओची असेल." गिऱ्हाइकासाठी कपडे ठेवण्याची स्टुडिओंची रीत होतीच. तिचा रंग सांगणारा कोणी नाही, म्हणून ती करडीच ठेवली. लुगड्याच्या काठाची छटा टोपीच्या छटेइतकीच गडद होती आणि दादांच्या मागावर लाल सूत असे हे फुफीजानना आठवते. म्हणून काठ लाल केला. पण नव्या प्रतीच्या पाठीवर लिहिले : ‘टोपीचा रंग साक्षीने, काठाचा अंदाजाने.’

धंदा म्हणून

पूर्वी स्टुडिओतले कारागीर मोठ्या केलेल्या फोटोंवर कुंचल्याने रंग भरीत. रंगीत फिल्म आली आणि तो हुनर मागे पडला. आता स्कॅनर, संगणक व धीर असलेल्या मुलांना हीच रोजी पुन्हा मिळू शकते. परंतु सचोटी पाहिजे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतला माल ओला लागला, तेव्हा ओले धान्य वर ठेवण्यास सांगितले, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल. अंदाजाचा रंग खरा म्हणून विकणे म्हणजे ओले धान्य राशीखाली दडविणेच होय.

फोटो देणाऱ्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. मूळ फोटो स्वतः पुसू नये, त्यावर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. तो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावा. स्कॅन निदान ६०० डीपीआयचे व टिफ स्वरूपात घ्यावे, पाठीची बाजूही घ्यावी, कारण साल, गाव, नाव तेथेच सापडते. दुरुस्त केलेली काळी-पांढरी प्रत वेगळी मागून घ्यावी. रंगीत प्रत बिघडली तरी ती हाताशी राहते. मूळ फोटो मात्र कोरड्या जागी जपून ठेवावा.

दुसरी प्रत घेऊन गेलो तेव्हा फुफीजान काही बोलल्या नाहीत. त्यांनी दादांच्या गालावरील व्रणांवरून बोट फिरविले आणि फोटो आपल्याजवळ ठेवून घेतला.

बांधवांनो, संगणक उद्याही मिळेल आणि आजच्यापेक्षा स्वस्त मिळेल. रंग सांगणारे माणूस मात्र उद्या असेलच असे नाही. म्हणून पेटीतला फोटो दुकानात नेण्याआधी घरातील सर्वांत वयस्कर माणसासमोर ठेवा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या. अल्लाह आपल्या बुजुर्गांची मगफिरत करो आणि आपल्या रोजीत बरकत देवो.