मेंदूतील वाटाड्या

रात्री एकाएकी दिवे गेले, तरी घरातले माणूस काळोखात चाचपडत का होईना, पण नेमके पाण्याच्या माठापाशी जाऊन पोहोचते. डोळ्यांना काही दिसत नसता पावलांना वाट कोण दाखवितो?

या प्रश्नाचा धागा प्रथम सापडला तो उंदराच्या मेंदूत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील शास्त्रज्ञ जॉन ओकीफ हे उंदरांच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवून तेथील पेशींतून उठणारे विजेचे सूक्ष्म स्पंद टिपीत असत. १९७१ साली त्यांनी जाहीर केले की, 'हिप्पोकॅम्पस' नावाच्या भागातील एखादी पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला म्हणजेच स्पंद देते. तो पुढे सरकला की ती गप्प होते आणि दुसरी बोलू लागते. जणू प्रत्येक जागेवर निराळा पहारेकरी नेमलेला! दिवा मालविला तरी यांतील पुष्कळ पेशी आपापल्या जागी बोलतच राहतात. कारण पावले किती पडली आणि अंग कोठे वळले, याचा हिशेब मेंदू ठेवीत असतो.

परंतु हे पहारेकरी मनाला येईल तेव्हा हाक देत नाहीत. उंदीर चालू लागला की त्या भागातील असंख्य पेशींची विद्युत् एका लयीत हेलकावे घेऊ लागते. सेकंदाला सुमारे आठ आवर्तने होतात. हिला 'थीटा लय' म्हणतात. उंदीर एका जागी बसून खाऊ लागला की ती ओसरते. तबल्याच्या ठेक्यावर गवई आपली जागा धरतो, तशा या पेशी लयीवर आपली वेळ धरतात. उंदीर एखाद्या जागेच्या हद्दीत शिरतो, तेव्हा तिची पेशी आवर्तनाच्या अखेरीस स्पंद देते. तो जागा ओलांडीत जातो, तसतशी ती दर आवर्तनास थोडी आधी बोलते. त्यामुळे एकाच आवर्तनात मागे पडलेली जागा प्रथम, पायांखालची मध्ये आणि पुढे यावयाची शेवटी, असा वाटेचा क्रम उमटतो. तोही सेकंदाच्या आठव्या हिश्शात! एवढ्याशा प्राण्याच्या डोक्यात केवढी ही व्यवस्था!

पुढे २००५ साली नॉर्वेतील माय-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पसच्या शेजारी आणखी एक नवल आढळले. तेथील एकेक पेशी सारख्या अंतरावरील अनेक जागी स्पंद देते. त्या जागा कागदावर मांडल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. या शोधांबद्दल तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या मेंदूतही अशा पेशी आहेत. त्याची लय मात्र उंदराहून संथ व तुटक असते. 'अल्झायमर' हा म्हातारपणचा रोग बहुधा मेंदूच्या याच भागावर प्रथम घाला घालतो. मग ज्या गल्लीतून आयुष्यभर ये-जा केली, तिच्याच तोंडाशी एखादे आजोबा थबकतात. घर चार पावलांवर असते, आणि कोणत्या बाजूस वळावे हे त्यांना उमगत नाही.