लसीकरण : सक्ती की समजूत?

साथीच्या काळी सेवकवर्गावर लस घेण्याची सक्ती करता येते काय, हा प्रश्न कोविडच्या साथीत शाळा, कचेऱ्या व कारखाने या सर्वांपुढे उभा राहिला. भारतात हे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. शासनाच्या धोरणानुसार ते ऐच्छिक होते. तथापि लस न घेणाऱ्यांवर अनेक ठिकाणी निर्बंध आले.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी निर्णय दिला. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदान्वये प्रत्येकाचा आपल्या शरीरावर अधिकार आहे. म्हणून कोणासही बळेच लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन निर्बंध घालू शकते. ते कायद्यास धरून व धोक्याच्या प्रमाणात असावेत. लस घेतलेल्यांकडूनही संसर्ग होऊ शकतो व रुग्णसंख्या घटली आहे, हे पाहून निर्बंधांचा फेरविचार करण्यास न्यायालयाने सुचविले. लस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. गंभीर आजार व मृत्यू यांपासून ती संरक्षण देते.

अशा प्रसंगी मुख्याध्यापकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सहकाऱ्याची शंका शांतपणे ऐकावी व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून तिचे निरसन करवावे.

२. लस घेतल्यावर ताप येणे संभवते. त्या दिवशीचा वर्ग दुसऱ्याकडे सोपवावा.

३. कोणाच्याही प्रकृतीची चर्चा चारचौघांत करू नये.

४. आजारी असता घरी राहणे व वर्गात हवा खेळती ठेवणे, हे नियम सर्वांस सारखेच लावावेत.

ज्या शिक्षकास लसीचे महत्त्व स्वतःस पटले असेल, तोच ते पालकांस पटवून देऊ शकेल.