श्रवणपातळी आणि ध्वनिमिश्रणाचा समतोल

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब येथील शबद-कीर्तन असो वा लातूरकडील एखाद्या मंदिरातील वारकरी भजन असो, त्याचे ध्वनिमुद्रण घरी मंद आवाजात ऐकले असता डग्गा अथवा मृदंगाच्या डाव्या पुडीचा नाद दुबळा भासतो. हा दोष सामान्यतः यंत्राच्या माथी मारला जातो. परंतु त्याचे मूळ बहुधा मानवी श्रवणेंद्रियाच्या स्वभावात असते.

सर्व कंप्रतांना कान सारखाच संवेदनक्षम नसतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली समप्रबलतेचे वक्र प्रसिद्ध केले. २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ते नव्याने निश्चित झाले. त्यानुसार १००० हर्ट्झचा ८० डेसिबेलचा स्वर जितका मोठा भासतो, तितकेच भासण्यास १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ९२ डेसिबेल लागतात. ४० डेसिबेलच्या स्वराशी बरोबरी करण्यास मात्र सुमारे ६४ लागतात. म्हणजेच १२ डेसिबेलचे अंतर २४ वर जाते. साहजिकच, ८० डेसिबेलवर तोललेले मिश्रण ४० वर उतरविले की खर्ज सुमारे १२ डेसिबेलने उणा पडतो. उलटपक्षी, अतिमंद आवाजात मिश्रण करणारा तंत्रज्ञ खर्ज नकळत वाढवितो आणि तेच मिश्रण मंडपात घुमू लागते.

खोलीचाही यात वाटा असतो. ३.५ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद २० अंश सेल्सिअसला ४९ हर्ट्झवर येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, ४२ अंशांना, तो ५१ वर सरकतो. हा फरक नगण्य होय. श्रोत्याच्या जागेचा परिणाम मात्र मोठा असतो : या कंप्रतेचा ध्वनिदाब भिंतीशी सर्वाधिक, तर खोलीच्या मध्यावर न्यूनतम असतो.

मग मोठ्या आवाजातच काम करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबेलसाठी आठवड्याला ४० तासांची मर्यादा सुचविली आहे. दर ३ डेसिबेल वाढीला ती निम्मी होते. ८९ डेसिबेलला केवळ ५ तास उरतात. कान हेच तंत्रज्ञाचे मूळ उपकरण असल्याने ही मर्यादा दुर्लक्षिता येत नाही.

तात्पर्य, ७५ ते ८० डेसिबेलची एक पातळी मापकाने ठरवून, खोलीच्या ऐन मध्याऐवजी थोडे पुढे बसून मिश्रण करावे. अखेरीस ते मंद आवाजातही तपासावे. दोन मिश्रणांची तुलना समान प्रबलतेवरच करावी; अन्यथा जे मोठे, तेच सरस वाटते.